बांबूची मुदत

कच्चा बांबू जमिनीत रोवला की पावसाळ्यात त्याचं बूड कुजतं आणि वरचं अंग किडे पोखरतात. त्याची काही वर्षं निघाली तरी पुष्कळ. बांगलादेशातल्या कॉक्स बझार जिल्ह्यात, उखिया आणि टेकनाफच्या टेकड्यांवर रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्या अशाच बांबू-ताडपत्रीवर उभ्या राहिल्या. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने राखाइन प्रांतात गावंच्या गावं जाळली आणि काही महिन्यांत ७ लाखांहून अधिक माणसं सीमा ओलांडून इथे आली. आधी आलेले धरून आता ती १० लाखांच्या वर आहेत. पक्कं घर बांधायला परवानगी नाही, कारण हे लोक लवकरच परत जातील असं गृहीत धरलेलं आहे. त्या पळापळीत आईच्या कडेवर आलेलं पोर आज आपल्या धाकट्या भावंडाला कडेवर घेण्याएवढं झालंय. वर्षानुवर्षं चालणारं हे विस्थापन आपण अजून पुरासारखं, महिन्या-दोन महिन्यांचं संकट समजून हाताळतो. मदतीतला सगळ्यात मोठा दोष मला तिथे दिसतो.

पहिल्या आठवड्यांत तांदूळ, डाळ, तेल आणि ताडपत्री हवीच. तिथे वाद नाही. पण पुढेही पैसा देणगीदार देशांकडून वर्षावर्षाच्या बोलीवर येतो. २०२३ मध्ये तो आटला, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिन्याला १२ डॉलरची शिधा-मदत मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणली. ८ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण ६५० रुपये, दिवसाला २२ रुपयांच्या आत. कायदेशीर कामाची सोय नाही, म्हणून ही कपात थेट ताटात उतरते: आधी मासळी आणि अंडी जातात, मग उधारी सुरू होते. पुढे रक्कम वाढली, पण मधल्या महिन्यांत वाढत्या वयाच्या पोरांचं जे राहून गेलं ते भरून निघत नाही.

लांबचा विचार केला तर काय होतं, हेही याच टेकड्यांवर दिसलं. सुरुवातीला चुलीसाठी आसपासचं जंगल उघडं पडलं. सरपणाला जाणाऱ्या बायकामुलींवर हल्ले होत आणि गावकऱ्यांशी भांडणं पेटत. २०१८ पासून गॅसच्या टाक्या वाटायला सुरुवात झाली, काही स्थानिक कुटुंबांनाही मिळाल्या, आणि सरपणाची गरज झपाट्याने उतरली. बांबूसुद्धा बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून वापरायला लागल्यावर जास्त टिकू लागला.

असाच लांबचा विचार करून निर्वासितांना कामाचीही परवानगी द्यावी, यावर बांगलादेशातून येणारा आक्षेप खरा आहे. दाट वस्तीच्या, गरीब देशाने दार उघडलं. त्याच्यावरच आणखी भार का? गावातली मजुरी पडली, भाव चढले, हे तिथले लोक भोगतातच. पण काम आताही चालतं, ते चोरून आणि पडेल त्या मजुरीवर. परवाना दिला तर मजुरीला तळ तरी राहील. युगांडाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याची आणि हिंडण्या-फिरण्याची मोकळीक दिली. तिथेही शिधा कापला जातो, जमिनीचे तुकडे लहान होत चाललेत; तरी स्वतः कमवण्याची वाट कायद्याने बंद केलेली नाही. आणि हा भार उचलायचा तर श्रीमंत देशांनी काही वर्षांचा पैसा एकदम बांधून द्यायला हवा, त्यात गावकऱ्यांचाही वाटा हवा.

सोयी केल्या तर माणसं परत जाणार नाहीत, हा दुसरा आक्षेप. पण कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. खर्च मुख्यतः त्यांच्याच परागंदा सरकारचा होता. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, तरी दुसरं महायुद्ध संपल्यावर छावणी रिकामी झाली. कोणी पोलंडला, बरेच ब्रिटनसारख्या देशांत गेले. रोहिंग्यांची परतीची वाट अडवली आहे ती म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने आणि राखाइनमध्ये पुन्हा भडकलेल्या लढाईने. छावणीतल्या गॅसच्या शेगडीचा त्यात काय दोष? उलट २०२१ च्या अखेरीपासून छावणीतल्या वर्गांत म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवला जाऊ लागला, म्हणजे घरी परतल्यावर मुलांना पुढच्या वर्गात बसता यावं. २०२५ मध्ये निधी आटला आणि यातले हजारो वर्ग काही काळ बंद ठेवावे लागले. शिकवणाऱ्या हजाराहून अधिक बांगलादेशी शिक्षकांची नोकरीही त्यात गेली.