टाकून दिलेल्यांची सोबत

अनेक घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली एक जुनी चेतक उभी असते. टायर बसलेले, पत्र्याला गंज. तिच्याच आडोशाला एखादे लंगडे, खरूज झालेले कुत्रे अंग मुडपून पडलेले दिसते. दोघेही कुणाला नकोसे. पण मुले आखातात गेली, नोकरी संपली आणि दिवस खायला उठू लागला, की हेच दोघे माणसाला पुन्हा कामाला लावू शकतात.

चेतक १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून बाजारात आली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तेव्हा कुठे ती दारात यायची. मग पुढे मूल उभे, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटे, असे सगळे घर तिच्यावर बसून ईदच्या दिवशी नातेवाइकांकडे निघे. तिचे टू-स्ट्रोक इंजिन साधे आहे. प्लगवरची काजळी घासावी, कार्बोरेटर साफ करावा, तुटलेली केबल बदलावी, पेट्रोलमध्ये ऑइल मापात मिसळावे. एवढे हळूहळू शिकता येते. शेजारी नातू पाना घेऊन बसला, तर गोष्टी आपोआप सुरू होतात. रस्त्यावर काढण्यापूर्वी नोंदणी आणि विमा मात्र पाहून घ्यावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे मूळ रूपात जपलेली, ५० वर्षांहून जुनी खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. म्हणजे सुरुवातीच्या चेतक आता या मानाला पोहोचल्या आहेत.

गाडी थांबून राहते. कुत्र्याला थांबता येत नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, हे हदीसमध्ये आपण सर्वांनी ऐकले आहे. प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत सवाब आहे, हीच तिची शिकवण. गुहेतल्या तरुणांसोबत त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख कुरआनात येतो.

तरीही घरात प्रश्न उठतोच: पाकीचे काय? तो टाळू नये. कोकणातली बहुतेक घरे शाफई मसलकाची. तिथे कुत्र्याचा ओला स्पर्श झाला, तर ती जागा सात वेळा, त्यातील एकदा मातीने, धुवावी लागते. हनफी मसलकात कुत्र्याची लाळ नापाक आहे. म्हणून कुत्र्याची जागा घराबाहेर, त्या स्कूटरपाशीच असावी. भांडे वेगळे, कामाचे कपडे वेगळे, नमाजची खोली दूर. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे. सेवा करायला कुत्र्याला घरात घ्यावेच लागते असे नाही.

जखमी कुत्रे वेदनेने चावू शकते. त्याला थेट उचलू नये, जनावरांच्या डॉक्टरांना किंवा जाणत्या कार्यकर्त्यांना बोलवावे. चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी. कुत्रे बरे झाले, की त्याची नसबंदी आणि लसीकरण करून घ्यावे. २०२३ च्या नियमांनुसार अशा कुत्र्याला पुन्हा त्याच्याच वस्तीत सोडतात. कानाची खाच ही नसबंदी झाल्याची खूण. अन्न ठरावीक वेळी, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. शेजाऱ्याचा हक्कही आपल्यावर आहेच.

खर्चाचेही भान हवे. घरच्यांची गरज मागे टाकून गाडीच्या सुट्या भागांवर पैसा उधळणे म्हणजे इसराफ. महिन्याची एक रक्कम ठरवावी, त्यातच दोघांचे भागवावे.

यात मिळणारे समाधान मालकीचे नाही, अमानतीचे आहे. फज्रनंतर पाण्याचे भांडे भरायचे असते, अस्रनंतर एक नट घट्ट करायचा असतो. ज्याला वाटत होते की आता आपली कुणाला गरज नाही, त्याच्या पावलांच्या आवाजाने पडवीत कुणीतरी शेपटी हलवू लागते.