दस्त्याची ओळख आणि रिसीव्हरचा नंबर

मी धातू का तुटतात यावर काम करते. या विषयाचा इतिहास वाचताना एक रायफल वारंवार समोर येते: अमेरिकन सैन्याची स्प्रिंगफील्ड १९०३. तिच्यामागे जाता जाता मी जुन्या शिकारी रायफलींच्या लिलावाचे कॅटलॉग वाचायला लागले. हे कॅटलॉग म्हणजे पुराव्याचं मोजमाप शिकण्याची उत्तम वही आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी अधूनमधून चाळावेत असे.

थोडी पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हौशी शिकारी सैन्याची स्प्रिंगफील्ड घ्यायचे आणि एखाद्या कारागिराकडून तिला नवा दस्ता, नवी साइट बसवून घ्यायचे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तर स्वतःसाठी शिकारी घडणीची स्प्रिंगफील्ड थेट सरकारी कारखान्यातूनच करवून घेतली आणि १९०९ मध्ये ती आफ्रिकेत नेली. लॉस एंजेलिसमध्ये लुडविग वुंडहॅमर हे काम करत होता. लेखक स्टुअर्ट एडवर्ड व्हाइट हे त्याचं एक गिऱ्हाईक. न्यूयॉर्कमध्ये सेमूर ग्रिफिन मुळात फर्निचर करणारा. रूझवेल्टचं आफ्रिकेवरचं पुस्तक वाचून त्याने स्प्रिंगफील्ड घेतली आणि तिचा दस्ता स्वतःच अक्रोडाच्या लाकडात घडवला. पुढे १९२३ मध्ये जेम्स हाउबरोबर त्याने ‘ग्रिफिन अँड हाउ’ काढली. हाउ काही महिन्यांतच बाहेर पडला, नाव मात्र तसंच राहिलं.

आता समजा तुमच्यासमोर अशी एक रायफल आहे आणि विकणारा म्हणतो, ‘वुंडहॅमर, १९११.’ हे विधान तपासायचं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे ‘रायफल’ ही एक वस्तू नाहीच. रिसीव्हर (नळी ज्यात पिळून बसवतात आणि बोल्ट ज्यात पुढेमागे सरकतो तो पोलादी सांगाडा), नळी आणि दस्ता, असे निदान तीन साक्षीदार तिथे आहेत आणि तिघांचा जन्म वेगवेगळ्या दिवशी झालेला असू शकतो. स्प्रिंगफील्डच्या नळीवर पुढच्या साइटच्या मागे कारखान्याची अक्षरं आणि महिना-वर्ष ठोकलेलं असतं. रिसीव्हरवर सिरियल नंबर असतो. कोणत्या वर्षी साधारण कुठपर्यंत नंबर गेले होते याची कोष्टकं छापलेली आहेत. नळीवर १९१९ असेल, तर ‘१९११’ हे विधान जसंच्या तसं टिकत नाही. एक तर नळी नंतर बदललीय किंवा गोष्टच चुकीची आहे. उलट नळीवर १९१० असेल, तरी १९११ सिद्ध होत नाही. कारागीर दहा वर्षं जुनी रायफलही घेऊ शकतो. म्हणजे धातूवरची तारीख फक्त एवढंच सांगते की हे काम ‘याच्या आधीचं नाही’. वरची मर्यादा तिच्याकडून मिळत नाही. आपल्याकडे ताम्रपट असो की वाड्याची तुळई, तिथेही हाच नियम लागतो आणि तिथेही लोक हीच चूक करतात.

दुसरं, कारागीर कोण? त्या काळातल्या पुष्कळ कारागिरांनी आपल्या दस्त्यावर नाव घातलेलंच नसतं. मग शैलीवरून ओळखायचं. वुंडहॅमरची खूण म्हणजे पकडीच्या बाजूला, तळहाताच्या पोकळीत बसेल असा हलका फुगवटा. तो इतका प्रसिद्ध झाला की त्याला आजही ‘वुंडहॅमर स्वेल’च म्हणतात. आणि गोची तिथेच आहे. ज्या खुणेला नाव मिळालं, तिची नक्कल झालीच म्हणून समजा. फुगवटा नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. पण तो असल्यामुळे ‘वुंडहॅमर’ हे सिद्ध होत नाही. मी स्वतः अशा वेळी नकलेत सहसा न उतरणाऱ्या गोष्टींकडे जास्त लक्ष देईन. लाकूड आणि धातू यांच्यामधली फट किती, पकडीवरची चौकड्यांची कोरीव नक्षी कडेपर्यंत एकसारखी जाते का, दस्ता सुटा केल्यावर आतली, कुणाला न दिसणारी कोराई कशी आहे.

ग्रिफिन अँड हाउच्या बाबतीत काम सोपं होतं, कारण कंपनीने आपल्या रायफलींना स्वतःचे नंबर दिले आणि जुन्या नोंदी टिकल्या आहेत. नोंद आणि वस्तू जुळल्या तर पुरावा भक्कम. तरी लक्षात ठेवा, नोंद सांगते ती दुकानातून बाहेर पडलेली रायफल. त्यानंतरच्या मालकांनी काय काय केलं ते नोंदीला माहीत नसतं.

इथपर्यंत प्रश्न पैशाचा आणि प्रतिष्ठेचा होता. आता जिवाचा.

स्प्रिंगफील्ड कारखान्यात रिसीव्हर घडवताना पोलाद किती तापलं हे जुने कामगार डोळ्यांनी, रंगावरून ठरवत. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्या आणि चौकशी झाली. तापमापक लावल्यावर दिसलं की ‘बरोबर’ वाटणारा रंग लख्ख उन्हाच्या दिवशी ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरेनहाइटपर्यंत जास्त तापमानाचा असू शकतो. कारण उजेडात तापलेला धातू फिका दिसतो. मग कामगार तो आणखी तापवतो. इतकं तापलेलं पोलाद ‘जळतं’. कणांच्या सीमा वितळू लागतात, तिथे ऑक्सिडेशन होतं आणि धातू ठिसूळ बनतो. हातोड्याच्या घावाने तुकडे पडावेत इतका. नुसते कण मोठे झाले असते तर पुन्हा हीट ट्रीटमेंट देऊन निभावलं असतं, पण जळलेलं पोलाद परत येत नाही.

१९१८ मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या साधारण ८,००,००० आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ या नंबरांच्या खालचे रिसीव्हर तेव्हापासून संशयित मानले जातात. कारखान्यात त्या वेळी असलेले अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी हा सगळा प्रकार १९४७ च्या ‘हॅचर्स नोटबुक’मध्ये सविस्तर लिहिला आहे. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा वाचावंच.

आता वुंडहॅमरच्या १९११ च्या दाव्याकडे परत या. तो दावा खरा असेल, तर रिसीव्हर ८,००,००० च्या खालचाच असणार! ओळख जितकी पक्की, तितकी ती रायफल उडवायला धोकादायक. संग्राहकाला हवी ती गोष्ट आणि नेमबाजाला नको ती गोष्ट एकाच नंबरात आहे.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘अहो, शंभर वर्षं उडवतायत, काही झालं नाही.’ हा युक्तिवाद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण प्रयोगशाळेतही तो करतो. ठिसूळ रिसीव्हर रोजच्या दाबाला तुटत नाही. काडतुसाचं पितळी कवच मागून फाटलं, नळीत काही अडकलं, चुकीचं काडतूस गेलं, की गॅस मागे येतो. चिवट रिसीव्हर तेव्हा ताणला जातो, वाकतो. ठिसूळ फुटतो, आणि मागे नेमबाजाचा चेहरा असतो. शंभर वर्षांत असा प्रसंगच आला नसेल तर त्या शंभर वर्षांनी काहीही तपासलेलं नाही. शिवाय ज्या फुटल्या त्या लिलावात येत नाहीत. आपल्यासमोर फक्त वाचलेल्या रायफली आहेत.

दुसऱ्या बाजूनेही प्रामाणिक राहायला हवं. ८,००,००० हा आकडा त्या विशिष्ट तुकड्याचा गुणधर्म नव्हे. ढगाळ दिवशी घडलेला ५,००,००० नंबरचा रिसीव्हर उत्तम असू शकतो. नंबर सांगतो तो गट, स्थिती नाही. मग स्थिती का मोजत नाही? कारण खात्रीने मोजायची तर तुकडा तोडावा लागतो. पृष्ठभागाची कठीणता मोजून भागत नाही, कारण हे रिसीव्हर वरून मुद्दाम कठीण केलेले असतात आणि दोष आत असतो. अशा वेळी चूक कोणत्या बाजूला परवडते ते पाहून गटावरून निर्णय घ्यायचा. फिलाडेल्फियाच्या आर. एफ. सेजलीने कमी नंबरचे रिसीव्हर पुन्हा हीट ट्रीटमेंट देऊन शिकारी रायफलींत वापरले. जळालेल्या पोलादाचं वर जे सांगितलं ते वाचल्यावर त्या ट्रीटमेंटवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

मला अशा रायफलीचं वर्णन लिहायला दिलं तर मी असं लिहीन: ‘रिसीव्हर स्प्रिंगफील्ड, ८,००,००० च्या खालचा, उडवू नये. नळीवर १९१०ची खूण. मूळची असल्याचा स्वतंत्र पुरावा नाही. दस्ता वुंडहॅमरच्या शैलीचा, सही नाही, कागदपत्रं नाहीत.’ विकणाऱ्याला यातलं ‘च्या शैलीचा’ खटकेल, कारण किंमत तिथेच घसरते. त्याने व्हाइटच्या काळातलं एखादं बिल किंवा पत्र आणून दाखवलं, की मी ते दोन शब्द आनंदाने खोडेन. ‘उडवू नये’ मात्र राहील.