कोठीतले बियाणे आणि लॅपटॉपमधली जागा

गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथल्या शेतकऱ्याला खाण्याचे धान आणि बियाण्याचे धान यांतला फरक सांगावा लागत नाही. लॅपटॉपही असेच बियाणे राखून ठेवतो. आपल्या फाइल्स थोड्याच असूनही डिस्क भरल्याची सूचना आली, की व्हायरसची शंका येते. पण ती जागा अनेकदा बॅकअपने व्यापलेली असते. विंडोजचे ‘सिस्टिम रिस्टोअर’ जुन्या स्थितीच्या नोंदी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते, मोठ्या अपडेटनंतर ‘विंडोज.ओल्ड’ मागे उरते. मॅकवर टाइम मशीन ही बॅकअपची सोय सुरू असेल तर दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला जातो. आयफोनचा संगणकावर घेतलेला बॅकअप तर कित्येक जीबींचा असू शकतो.

कुणी म्हणेल, यंत्र हे स्वतःच आवरते, मग आपण कशाला? काही अंशी खरे आहे. स्नॅपशॉट साधारण 24 तासांनी, ‘विंडोज.ओल्ड’ सहसा 10 दिवसांनी जाते. आयफोनचे जुने बॅकअप मात्र आपण काढेपर्यंत राहतात. दुसरा आक्षेप असा, की पुसले आणि नंतर गरज पडली तर? ही भीती रास्तच आहे. पण मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच डिस्कवर असेल, तर डिस्क बिघडताच दोन्ही जातात. कोठीला ओल लागली की आतले सगळेच धान नासते. म्हणून आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या, ती उघडून तपासा आणि मगच सेटिंग्जमधून जुने बॅकअप काढा. लपवलेली फोल्डरे हाताने पुसू नका. जागा मिळवायचीच, पण बियाणे गमावून नव्हे.