बारवेची शेवटची पायरी

साथींचा इतिहास लिहायला बसलं की आपल्याकडची लेखणी हमखास १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगपाशी, मांडवीला जाऊन थांबते. डॉ. व्हिएगस, हाफकिनची लस, पुण्यातला रँड, चापेकर बंधू, रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई. सगळं खरं आणि सगळं मोठं. पण आम्ही नांदेड-लातूरकर तेव्हा निजामाच्या मुलखात होतो. त्याच मुलखातल्या सिकंदराबादच्या छावणीत २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. हैदराबादकडे तोंड करून बघितलं तर आमचाही इतिहास दिसतो.

पटकी, देवी, मानमोडी यांवर भरपूर लिहून झालंय. पटकी आली की गाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटायचं आणि पुढचं गाव तो आणखी पुढे. १९१८ च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाने, देशात कोटीच्या वर माणसं नेली. देवीची लस मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या एका मुलीला पहिल्यांदा टोचली गेली आणि देवीचा देशातला शेवटचा रुग्ण सापडला १९७५ साली. माझ्या दंडावर त्या लसीचे दोन वण आहेत.

मला लिहायचंय ते नारूवर.

माझे काही अभ्यासक मित्र म्हणतात, नारूने माणूस मरत नाही, मग त्याला महामाऱ्यांच्या पंगतीत कशाला बसवता? त्यांनी मृगाच्या तोंडावर बाजेवर पडलेला कर्ता माणूस पाहिलेला नाही. पाऊस पडलाय, तिफण दारात उभी आहे आणि ज्याने ती धरायची त्याचा पाय सुजून घागर झालाय. दोन-दोन महिने उठता येत नाही. रान पडीक राहतं, बैल सावकाराकडे जातात. अशी घरं मी मोजलीत. महामारी फक्त तिरडीवरूनच मोजायची का?

मला नारू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आधी घोट्यावर फोड आला, आग आग झाली. फोड फुटला आणि आत पांढरा दोरा दिसला. आजीने एरंडाच्या पानाने शेकलं आणि त्या दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळलं. रोज सकाळी एक वेढा, फार तर दोन. “हिसका देऊ नको बाळा, तुटला तर पाय सडंल,” म्हणायची. तो दोरा म्हणजे नारूच्या जंताची मादी. दोन हात लांबीची ती मादी बाहेर यायला बावीस दिवस लागले. काडी आजी रात्री चिंधीने पायाला बांधून ठेवायची.

तो दोरा पायात आला कुठून, हे मला कळलं पुढे आरोग्यसेवक झाल्यावर. फोडाची आग शमवायला माणूस बारवेत उतरतो, शेवटच्या पायरीवर पाय बुडवतो. पाणी लागताच मादी हजारो अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाची पाण्यातली बारीक पिसू गिळते आणि ती पिसू पाण्याबरोबर आपण. वर्षभराने, पुन्हा त्याच हंगामात, दोरा बाहेर. यावर लस नाही, औषध नाही, आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा देशात वर्षाला ४०,००० च्या आसपास रुग्ण होते. मी कंधार-मुखेडच्या माळावर पायी हिंडायचो. पिशवीत पाण्यातली पिसू मारणारं टेमेफॉस, पट्ट्या आणि फडकं. बायांना दुहेरी फडक्यातून पाणी गाळून दाखवायचं, मग ते फडकं उलटं करून काचेच्या पेल्यात खळबळायचं. उन्हात पेला धरला की पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसत. एकदा ते पाहिलेली बाई पुन्हा न गाळता पाणी भरत नसे.

आणि हापसा! त्याचं ऋण कुणी लिहीत नाही. बिडाचे पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडत, म्हणून जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी पंप घडवला गेला. सोलापूरच्या कारागिरीने तो सुधारला आणि त्यातूनच सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ आला. म्हणजे देशभरच्या गावांना पाणी पाजणाऱ्या हापशाचं मूळ आमच्या मराठवाड्यात आहे. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं मान्य केलं. २०२३ साली साऱ्या जगात नारू झालेली माणसं उरली होती १४.

नारू हटत होता त्या आणि नंतरच्या वर्षांतल्या बाकीच्या साथी भरभर सांगतो. किल्लारीच्या भूकंपानंतर लोक घरात झोपेनात, पडक्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात गाठीचा ताप निघाला. औशाजवळ हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्ही बाधित मुलांचं सेवालय उभं केलं. २०२० च्या कोरोनाच्या टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडला अडकले, तेव्हा हजूर साहिबच्या लंगरने त्यांना जेवू घातलं.

आता हापसे गंजलेत, बोअर खोल खोल गेलेत. २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. गावातली प्रत्येक विहीर ठाऊक असलेला आरोग्यसेवक दिवसभर मोबाइलवर माहिती भरत बसतो. घरोघरी जारचं पाणी येतं. ते कुठून येतं, हे भरणाऱ्याला विचारायची सवयच मोडली.

बारवा साफ करणाऱ्या तरुणांचं मला मनापासून कौतुक आहे. पण ‘बारवेचं पाणी म्हणजे अमृत’ असं कुणी लिहिलं की माझा घोटा दुखतो. गेल्या महाशिवरात्रीला एका बारवेवर दिवे लावायला मीही गेलो होतो. मुलांनी पायऱ्यांवरची सिमेंटची आडवी भिंत फोडून टाकली होती. जुन्या दगडात ती विद्रूप दिसते म्हणून. माणसाने थेट पाण्यात उतरू नये, वरून पोहऱ्याने पाणी शेंदावं, यासाठी ती भिंत आम्हीच घातली होती. गावाने वर्गणी काढली होती, वाळू मी डोक्यावर वाहिली होती.

मी काही बोललो नाही. शेवटच्या पायरीवर बसलो, विजार वर सारली आणि जवळच्या मुलाला घोट्यावरचा व्रण दाखवला. त्याने पणती जवळ आणली आणि विचारलं, “काका, हे कशाचं?” मग बाकीची मुलंही खाली येऊन बसली.