अंगावरचं चित्र

नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावात होळीच्या रात्री कुणी झोपत नाही. होळीचा उंच बांबू उभा करायचा असतो आणि त्याचा खड्डा कुदळीनं नव्हे, हातांनी उकरायचा, अशी रीत. होळी पेटते पहाटे. तोवर ढोलाच्या तालावर बुध्या, बावा, काली ही सोंगं नाचत असतात. डोक्यावर कामट्यांचा, मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले भोपळे नि घुंगरं, उघड्या अंगावर पांढरे ठिपके आणि रेघा. हा वेश नवसाचा. तो घेणारा आधीपासून काही दिवस पाळणी पाळतो: खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, आंघोळ करायची नाही.

याला चित्रकला म्हणायचं, तर चित्रकार कोण? उत्तरासाठी नंदुरबारच्या दोन्ही अंगांना पाहायला हवं.

दक्षिणेकडे, डहाणूच्या वारली पाड्यांत लग्नाचा चौक लिहायच्या सवाशिणी. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पालघट देवीचा चौक, त्याशिवाय लग्न लागत नसे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथं कागद घेऊन गेले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचा हात त्यांच्या नजरेत भरला. जिव्या कुठल्याही लग्नाची वाट न पाहता चित्रं काढत. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, 1989 मध्ये पॅरिसच्या 'मॅजिशियन्स द ला तेर' या प्रदर्शनात पोचली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली.

उत्तरेकडे, नर्मदेपलीकडे, पिठोरा. छोटा उदेपूरचे राठवा नवस फेडायला घराच्या भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे लिहवून घेतात. भिंत सारवतात कुमारिका, रंगात पडतं दूध आणि मोहाची दारू, लिहितात लखारा पुरुष. मग अंगात आलेला बडवा, म्हणजे पुजारी, एकेक आकृती तपासतो. काही राहिलं असेल, तर ते तिथंच भरून काढावं लागतं. असा कडक समीक्षक शहरातल्या कुठल्या गॅलरीला लाभला असेल? झाबुआच्या भिल्लांतही पिठोराच्या घोड्याला बाईनं हात लावायचा नाही. त्याच झाबुआतल्या पिटोलच्या भुरीबाई भोपाळमध्ये भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले. बसून चित्रं काढायची आणि त्याचे मजुरीहून जास्त पैसे, यावर आधी त्यांचा विश्वासच बसला नाही. भारत भवन 1982 मध्ये उघडलं. भुरीबाईंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. डहाणूत भिंत बायकांची होती, कागदानं नाव केलं पुरुषाचं. झाबुआत भिंत पुरुषांची होती, कागदानं नाव केलं बाईचं. भिंतीला विधीचे नियम होते, कागदाला नव्हते. कोणी लिहायचं, कधी लिहायचं, कशासाठी लिहायचं, हे सारे दंडक भिंतीपाशीच राहिले. मोकळ्या झालेल्या त्या जागेत एकटा माणूस उभा राहिला आणि खाली सही आली. आज ज्याला आपण स्टुडिओ म्हणतो, तो याहून वेगळा काय असतो?

काठीचं चित्र मात्र मधल्यामध्ये राहिलं, कारण ते भिंतीवर नाहीच. अंगावरचे ठिपके कागदावर उतरवता येतील, पण कमरेचे भोपळे उतरणार नाहीत, घुंगरांचा आवाज उतरणार नाही, आणि पाळणीचे दिवस तर नाहीच नाही. इथं चित्र काढणारा, मिरवणारा आणि ज्याच्या अंगावर ते निघालं तो, यांना वेगळं काढता येत नाही. मग सही करायची कुणी?

तरी हल्ली एक सही होते. काठीच्या होळीला दरवर्षी कॅमेरे येतात. धुरातला बुध्या, पहाटेच्या उजेडातली मोरपिसं वर्तमानपत्रात रंगीत छापून येतात. छायाचित्राखाली छायाचित्रकाराचं नाव असतं, आणि असायलाही हवं. बुध्याचं बहुधा नसतं. जिव्यांना आणि भुरीबाईंना कागदानं नाव दिलं, याचा कागदानं चेहरा तेवढा घेतला.

त्याला त्याची खंत असेलच असं नाही. नवस देवाला बोललेला, तो देवाला पोचला. होळीचे मेळे आटोपले, पाळणी सुटली, की तो नदीवर जातो आणि इतक्या दिवसांची पहिली आंघोळ करतो. त्या पाण्यात ठिपके निघून जातात. पुढच्या नवसाला अंग पुन्हा कोरं असतं.