वादळानंतर बहरलेली रानबाग



आपल्या मॉरिशसमध्ये उन्हाळा आणि हिवाळा असे दोनच ऋतू. पान गळण्यापूर्वी कसे लाल होते, हे आपण समुद्रकाठच्या बदामावर पाहतो. इंग्लंडमध्ये मात्र ऑक्टोबरात सारे रानच त्या बदामासारखे रंगते. तेथे राहणारी आपली मुले-नातवंडे फोटो पाठवतात, तेव्हा नवल वाटते.

हे रंग येतात कोठून? दिवस लहान झाले की पानांतील हिरवे द्रव्य मोडू लागते आणि झाड पानांतला नत्र फांद्यांत परत ओढून घेते. हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग मग उघडा पडतो. लाल रंग मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की तो अधिक खुलतो. शेवटी देठ सुटतो. पानगळ म्हणजे झाडाचे मरण नव्हे, ती हिवाळ्याची तयारी आहे.

ही तयारी होण्याआधीच संकट आले तर? १९८७ साली १५ ऑक्टोबरच्या रात्री दक्षिण इंग्लंडवर भयंकर वादळ आले. पाने अजून झाडांवरच होती. शिडात भरावा तसा वारा त्यांत भरला; जमीनही पावसाने भिजलेली. सुमारे दीड कोटी झाडे आडवी झाली. १९६० चे कॅरोल आणि १९७५ चे जर्वेज ही चक्रीवादळे सोसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते दुःख वेगळे सांगायला नको.

एसेक्स परगण्यात, एल्मस्टेड मार्केट येथे बेथ चॅटो या बाईंनी १९६० पासून घराभोवती बाग उभी केली होती. तेथील ओकच्या राईतही त्या वादळाने झाडे पडली. पण झाडे गेली तेथे उजेड आला. उरलेल्या ओकच्या सावलीत बाईंनी नेचे, स्नोड्रॉप अशी सावली मानवणारी रोपे लावून रानबाग केली. फुलापेक्षा पानाचा आकार आणि पोत त्या आधी पाहत. २०१८ साली त्या वारल्या. बाग आजही आहे.

त्यांचे म्हणणे घरच्या बागेलाही लागू पडते. शरदाचा रंग चार दिवसांचा पाहुणा. पानाचा पोत आणि खोडाची साल यांचा मुक्काम जास्त. ज्या हिमालयी भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, तो आज इंग्लंडच्या घरगुती बागांत लावतात. पिवळी पाने झडली की त्याची पांढरी साल हिवाळाभर उजळते.

आणि गळलेली पाने? ती जाळू नयेत. कोपऱ्यात ढीग करून ओलसर ठेवावीत. तिकडे दोनेक वर्षांत त्यांचे काळे, मऊ खत होते; आपल्या उष्ण हवेत त्याहून लवकर. आपल्या अंगणातही आंबा-लिचीखाली रोज केर पडतोच. उद्या झाडताना तो फेकू नका. झाडाने टाकलेले झाडालाच द्यावे.