जलशाची तालीम

सामाजिक अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळींचा इतिहास लिहिताना आपले लेखक सभा, ठराव, सत्याग्रह आणि न्यायालयांचे निवाडे यांची नोंद मोठ्या साक्षेपाने करतात. परंतु आदल्या रात्री ऐकलेल्या डफाच्या थापेमुळे ज्याला दुसऱ्या दिवशी त्या सभेला जावेसे वाटले तो मनुष्य, आणि तो डफ वाजवणारा शाहीर, या दोघांचीही नोंद बहुधा राहून जाते. अक्षरओळख नाकारलेल्या समाजाशी बोलायचे तर कानाच्याच वाटेने बोलले पाहिजे, ही जाणीव महाराष्ट्रात नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि 1869 साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तो याच जाणिवेने. आणि 1873 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुढील दशकांत तमाशाचा सर्व सांगाडा, म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि वग, जसाच्या तसा उचलून त्यात शिक्षणाचा, सावकारीचा आणि भटशाहीचा विषय भरला व त्याला जलसा हे नाव दिले. महाडच्या आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहांच्या काळात आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी तो गावोगाव नेला आणि उतारवयात त्याची हकीकत स्वतःच ग्रंथबद्ध करून ठेवली, हे आपल्यावर मोठे ऋण आहे. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले, तेव्हा गणातील गणपतीच्या स्थानी मायभूमी आणि श्रमणारा मनुष्य येऊन उभे राहिले.

ही परंपरा संपली असे मानणाऱ्यांनी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एखाद्या कामगार वस्तीत संध्याकाळनंतर जाऊन पाहावे. तेथील एका बुद्धविहारात एका कलापथकाची तालीम चालते, आणि तेथे एका जलशाच्या बांधणीचे काम अगदी आरंभापासून जवळ बसून पाहण्याची संधी मला मिळाली. शाहीर दिवसा रिक्षा चालवतात. ढोलकीवाला मालाच्या गोदामात हमाली करतो. तुणतुण्यावर साथ करणारा तरुण कायद्याच्या अभ्यासक्रमाला आहे. आणि स्त्रीपात्र करणारी बाई इस्पितळात आया आहे. जुन्या जलशात स्त्रीपात्रे पुरुषच करीत. येथे बाई स्वतः उभी राहते, आणि तिच्या उभे राहण्याने संहितेत काय काय बदलले ते पुढे सांगतो.

विषय होता गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांचा. मैला हाताने उपसण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा पहिला कायदा 1993 चा. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून मलवाहिनीत किंवा शौचटाकीत माणूस उतरवणे हाही गुन्हा ठरला आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. कायदा इतका स्पष्ट असूनही माणसे उतरतात आणि मरतात, कारण ज्याला उतरवले जाते त्याला कायदा ठाऊक नसतो आणि ज्याला ठाऊक असतो तो उतरवणारा असतो. ही तफावत जलशाने भरून काढावी, असा शाहिरांचा मानस होता.

पहिल्या मसुद्यात मृत्यूचा प्रसंग शाहिरांनी पोवाड्याच्या रीतीने रंगवला होता. कामगार खाली उतरतो, विषारी वायू त्याला घेरतो, आणि तो वर पाहून आक्रोश करतो, बायकोला व मुलांना हाका मारतो, आपल्या जन्माचा जाब विचारतो. डफ चढत जातो, झीलकरी टीपेला पोचतात, आणि ऐकणाराचे काळीज हलते. रचना उत्तम होती आणि चालही खणखणीत होती. तालमीच्या वेळी विहाराच्या भिंतीला टेकून वस्तीतील चारदोन वडीलधारी मंडळी बसलेली असत. त्यांत एक निवृत्त सफाई कामगार होते, ज्यांचे सारे आयुष्य गटारखात्यात गेले होते. गाणे संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शाहीर, आत माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो. वरचा हाक मारतो, खालून ओ येत नाही. मग वरचाच उतरतो. म्हणून एका होलात दोन-दोन, तीन-तीन जातात.”

त्यांच्या बोलण्यामागचे शास्त्र असे आहे. साचलेल्या मैल्यात आणि गाळात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, पण प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजणारा मनुष्य नेमका त्याच क्षणी मृत्यूच्या तोंडी असतो. आणि प्रमाण फारच अधिक असेल तर एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते. जुने कामगार झाकण उघडून थांबत, झुरळे जिवंत बाहेर येतात का ते पाहत, आणि मगच उतरत, असेही त्यांनी सांगितले. ज्या नगरीने आपला मैला वाहून नेण्यासाठी एवढे प्रचंड जाळे जमिनीखाली उभारले, तिने माणसाच्या जिवाची परीक्षा झुरळावर सोपवावी, याचा विचार करताना मन विषण्ण होते.

शाहिरांनी ते गाणे रद्द केले. आपल्या हातची चांगली साधलेली रचना दुसऱ्याच्या एका शब्दावरून फेकून देणे किती कठीण असते हे लेखनाशी ज्याचा थोडासाही संबंध आला आहे त्याला सांगावे लागणार नाही. शाहिरांनी मात्र कोणतीही हरकत न घेता कागद बाजूला सारला आणि त्या वृद्धांना आपल्या शेजारी बसवून घेतले. नव्या रचनेत मृत्यूचे वर्णनच नाही. पोवाड्यात शाहिराचा चरण संपला की झीलकरी मागून सूर धरून ‘जी जी’ करतात, हे मराठी कानाला शतकानुशतकांचे वळण आहे. आता वरचा कामगार खाली वाकून सोबत्याला नावाने हाक मारतो, चरण संपतो, आणि झीलकरी गप्प राहतात. ढोलकीही थांबते. पुन्हा हाक, पुन्हा तेच. तिसऱ्या हाकेऐवजी तो खांद्यावरचा गमछा काढून ठेवतो आणि उतरतो. जी झील रसिकाला हक्काची वाटते ती रोखून धरणे हाच त्या प्रसंगाचा सारा अलंकार. मी अनेक नामवंत रंगकर्मींची नाटके पाहिली आहेत. स्तब्धतेचा इतका अचूक विनियोग मला क्वचितच आढळला. तो एका वृद्ध कामगाराने केलेल्या दुरुस्तीतून निघाला, हे विसरून चालणार नाही.

दुसरी दुरुस्ती त्या आयाबाईंची. मयत कामगाराच्या विधवेचा विलाप म्हणून जे पद होते ते गाण्यास त्यांनी नकार दिला. त्या म्हणाल्या, रडायला तिला वेळ कुठे असतो. तिसऱ्या दिवसापासून ती कागद गोळा करत फिरते. त्यावरून पदाचे स्वरूप समूळ पालटले. जुन्या पोवाड्यांत सरदारांची, किल्ल्यांची, शस्त्रांची नामावळी असते आणि श्रोते ती तोंडपाठ करतात. त्याच नामावळीच्या चालीवर आता कागदपत्रे येतात. फिर्यादीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, आणि सर्वांत अवघड म्हणजे तो मनुष्य त्या दिवशी त्या ठेकेदाराच्या कामावर होता याचा दस्तऐवज, कारण अपघात घडताच हजेरीपटावरचे नाव नाहीसे होते आणि तो आमचा माणूसच नव्हता असा जबाब नोंदवला जातो. बाई एकेक कागद पदराच्या गाठीत बांधल्याचा अभिनय करीत पुढे सरकतात आणि प्रत्येक गाठीला झीलकरी त्या कागदाचे नाव पुन्हा उच्चारतात. त्या पुनरुक्तीत करुणरस आहे आणि पाठांतरही आहे. पद ऐकून घरी जाणारी बाई, तसा दुर्धर प्रसंग आलाच, तर यादी चुकणार नाही.

आकड्याची गोष्टही सांगण्याजोगी आहे. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास 10 लाख रुपये भरपाई द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा 27 मार्च 2014 चा. पुढे 20 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने ती रक्कम 30 लाख केली. पथकाच्या जुन्या पदात ‘दहा’ हा शब्द होता. ‘दहा’ आणि ‘तीस’ दोन्ही तीन मात्रांचे, तेव्हा शब्द बदलला की काम झाले असे कोणालाही वाटावे. परंतु ‘दहा’मध्ये लघूनंतर गुरू येतो आणि ‘तीस’मध्ये गुरूनंतर लघू, त्यामुळे डफाची जी थाप ‘हा’वर पडत होती ती आता ‘स’वर पडून आकडाच अस्पष्ट होऊ लागला. तीस की वीस, असा प्रश्न मागे बसलेल्या मुलीने विचारला. एवढ्यासाठी पूर्ण कडव्याची चाल मोडून नव्याने बांधण्यात आली, आणि त्या तालमीत दुसरे काहीही झाले नाही. चुकीचा आकडा पाठ झालेल्या विधवेला ठेकेदार कमी रकमेवर समजूत घालून वाटेस लावील, हे शाहीर जाणून होते.

प्रचाराने कला हीन होते, असा एक आक्षेप आपल्या साहित्यविचारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या आक्षेपकांपैकी किती जणांनी अशी तालीम पाहिली असेल, याविषयी मला शंका वाटते. येथे शब्दाला दोन कसोट्या आहेत: तो तालात बसला पाहिजे आणि तो खरा असला पाहिजे, आणि दुसऱ्या कसोटीचा परीक्षक त्या दुःखातून स्वतः गेलेला असून चार हातांवर बसलेला असतो. इतका जाणता आणि इतका निष्ठुर परीक्षक फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येतो. गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे जोतीरावांवरचे नाटक अतुल पेठे यांनी 2012 मध्ये पुण्याच्या सफाई कामगारांना घेऊन उभे केले. ज्यांच्यासाठी लढाई झाली त्यांच्याच मुखातून ती ऐकताना नाटकाला निराळेच वजन येते, ते याच कारणाने.

प्रयोग वस्तीतील मोकळ्या चौकात, जयंतीच्या कार्यक्रमात झाला. पूर्वी जलसा पहाट होईपर्यंत चाले. आता रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून गवळण पूर्णपणे गळाली आहे आणि वगही आखूड झाला आहे. बतावणीत मुकादम आणि नवा भरती झालेला पोरगा यांची जुगलबंदी होती. पोरगा हातमोजे मागतो, मुखवटा मागतो, प्राणवायूची नळी मागतो, आणि मुकादम प्रत्येक वेळी निराळी सबब सांगतो. त्या सबबी प्रेक्षकांना इतक्या परिचित होत्या की मुकादमाच्या तोंडून निघण्यापूर्वीच त्या समोरून येऊ लागल्या आणि नटाला आपली वाक्ये प्रेक्षकांकडून घ्यावी लागली. मग हाकेचा प्रसंग आला. पहिल्या हाकेला पुढे बसलेल्या मुलांनी सवयीने ‘जी जी’ केले, कारण मंचावरून ते आले नव्हते. दुसऱ्या हाकेला मुलेही थांबली. भिंतीकडेला उभ्या असलेल्या पुरुषांत काहींनी मान खाली घातली होती. त्यांतले कोण कोण स्वतः उतरणारे होते ते मला ठाऊक नाही आणि विचारण्याचा माझा अधिकारही नव्हता.

प्रयोगानंतर कायद्याचा विद्यार्थी तुणतुणे खाली ठेवून एका बाकावर वही घेऊन बसतो, हा या पथकाचा नित्यक्रम आहे. एका स्त्रीने त्याला विचारले, ठेकेदाराने हजेरी लिहिलीच नसेल तर काय पुरावा धरायचा. त्याने सोबतच्या कामगारांचे जबाब, मुकादमाने केलेल्या दूरध्वनींची नोंद, मागच्या मजुरीच्या पावत्या यांची माहिती दिली आणि तिचा प्रश्न वहीत उतरवून घेतला. पुढच्या तालमीत त्याचे कडवे होईल, असे शाहीर म्हणाले.

या सर्वांत एक उणीव मला तीव्रतेने जाणवली, आणि ती पथकाची नाही. हा जलसा आजवर मरणाऱ्यांच्या वस्तीत झाला. मारणाऱ्या व्यवस्थेच्या अंगणात त्याला कोणी बोलावले नाही. शौचटाकी तुंबली की ठेकेदाराला दूरध्वनी करणारे आपण, मध्यमवर्गीय गृहनिर्माण संस्थांचे सभासद आहोत. दोन माणसे टाकीत उतरली तेव्हा त्यांच्याजवळ साधने होती की नव्हती हे न पाहता देयकावर सही करणारेही आपणच. 2013 च्या कायद्याची बंदी केवळ नगरपालिकांवर नसून कोणत्याही व्यक्तीवर आहे, आणि त्या अर्थाने हा विषय आपल्याच आवारातला आहे. आपल्या संस्थेचा गणेशोत्सव किंवा वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले असेल तर करमणुकीच्या एका कार्यक्रमाऐवजी अशा एखाद्या कलापथकास आमंत्रण द्यावे. त्यांना रंगमंच लागत नाही, पडदा लागत नाही. दीड तास, एक ध्वनिक्षेपक आणि जाण्यायेण्याचा खर्च एवढी तजवीज पुरते.